भोगावती काठचं गाव, नवीन पीएचसी: जागा रस्त्याकडेची घ्यावी की माळावरची?

पाणंदकर

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला आमचं गाव. सध्या उपकेंद्र आहे. समुदाय आरोग्य अधिकारी आणि एक सिस्टर, त्यामुळं बीपी-शुगरच्या गोळ्या आणि लसीकरण एवढंच होतं. बाकी सगळ्याला वडाप (शेअर जीप) पकडून सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय गाठायचं. आजूबाजूची पाच गावं आणि वाड्या धरून नवीन प्राथमिक आरोग्य केंद्राचा (पीएचसी) प्रस्ताव करायचा चाललाय. आशा आणि अंगणवाडीच्या सर्व्हेत लोकसंख्या ३१ हजारांच्या आसपास भरते.

जागा दोन आहेत.

पहिली: मुख्य रस्त्याला लागून २५ गुंठे. काळी जमीन, मागं ओढा. मालक बक्षीसपत्र करून द्यायला तयार आहेत. स्टँडपासून चालत पाच मिनिटं.

दुसरी: माळावरचं गायरान, ४० गुंठे निघू शकतात. स्टँडपासून सव्वा किलोमीटर, शेवटचे ४०० मीटर पाणंद, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट आहे.

गावातली नव्वद टक्के माणसं पहिल्या जागेच्या बाजूनं. ग्रामसभा पंधरा दिवसांवर आलीय. जागा कुठली घ्यावी, इमारतीत काय काय मागून घ्यावं आणि असल्या कामात नेमकं कुठं बिघडतं, हे जाणकारांनी सांगावं. भाषणं नकोत, आकडे सांगा.

प्लिंथलेव्हल

सभेआधी एक काम करा. २०१९ आणि २०२१ ला त्या २५ गुंठ्यांत पाणी कुठवर होतं, ते शेजारच्या चार घरांत विचारा आणि भिंतीवरची गाळाची रेघ टेपनं मोजा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०२१ ला तिथं पाणी ५६ फुटांच्या वर गेलं. पण बंधाऱ्याचा आकडा तुमच्या ओढ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. नदी भरली की ओढ्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलट मागं सरकतं. हा फुगवटा नदीपासून लांबच्या शेतातही येतो आणि नदी उतरेपर्यंत हलत नाही. म्हणून "आमच्याकडं नदी येत नाही" एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

पाटबंधारे विभागाच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथं बांधकामाचा विषयच नाही. निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर परवानगी निघते, पण दवाखाना तिथंही नको. इमारत उंच बांधून वाचवता येईल, रस्ता कसा वाचवणार? पुराच्या आठवड्यातच दवाखान्याची गरज सगळ्यात जास्त असते.

आता प्लिंथचं गणित. ओढ्याकडेच्या जागेत जोतं जमिनीपासून पाच फूट उचलावं लागेल असं धरू. व्हीलचेअर आणि स्ट्रेचरचा रॅम्प १ ला १२ उताराचा लागतो. पाच फुटांना ६० फूट रॅम्प, वर प्रत्येक अडीच फूट चढाला ५ फुटांचा सपाट टप्पा. माळावर दोन फुटांचं जोतं पुरतं, म्हणजे २४ फुटांत काम झालं. नकाशात रॅम्प बरोबर असतो, जागेवर मात्र "जागा पुरत नाही" म्हणून पंधरा फुटांत उरकतात. पाच फूट चढ पंधरा फुटांत म्हणजे १ ला ३. त्यावरून गरोदर बाई बसलेली व्हीलचेअर दोघांनी ढकलली तरी चढत नाही, आणि उतरताना तर आवरतच नाही. मग वर्षभरात त्या रॅम्पवर मोटारसायकली लावलेल्या दिसतात.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया त्या थरातच ठेवला तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा सुटतात. पाया काळी ओलांडून पक्क्या मुरुमापर्यंत न्यायचा, जोत्याच्या पातळीला आरसीसी बीम फिरवायचा, खोल्यांतली भरणी काळ्या मातीची न करता मुरुमाची, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसानं ठोकून बसवायचे. बाहेरून चारी बाजूंनी तीन फूट रुंद फरशी, म्हणजे पायाशी ओल-वाळ होत नाही. हे सगळं करता येतं, पण अंदाजपत्रकात पायाचा खर्च वाढला की कात्री फर्निचरला आणि कंपाउंडला लागते.

माळावर वेगळी भानगड आहे. तीन-चार फुटांवर कातळ लागला तर पाया स्वस्त पडतो, पण शोषखड्डा चालत नाही. सेप्टिक टँकचं पाणी जिरायला जागाच नसते, मग ते पहिल्या पावसात अंगणात उगवतं. म्हणून आत्ताच तीन ठिकाणी जेसीबीनं सहा-सहा फूट खड्डे मारून थर बघा. त्यातल्या एका खड्ड्याच्या तळाला फूटभर लांब-रुंद-खोल खळगा करून रात्री भरून ठेवा, सकाळी पुन्हा सहा इंच पाणी ओता आणि किती वेळात जिरतं ते घड्याळ लावून बघा. दोन-तीन तासांत बोटभरही उतरलं नाही तर शोषखड्डा विसरा, उताराच्या बाजूला झाडांच्या चरांत पाणी सोडायची आखणी आधीच करा.

क्षेत्रफळ: २५ गुंठे म्हणजे २७,२२५ चौरस फूट. मुख्य इमारत साडेचार-पाच हजार, निवासस्थानं, गाडी वळायला जागा, टाक्या, पार्किंग. बसतं, पण काठोकाठ. पुढं ग्रामीण रुग्णालय करायचं म्हटलं तर तिथं काहीच वाढत नाही.

माझं मत माळाला. फक्त पाणंद आधी, इमारत नंतर. किमान १८ फूट रुंद, खडीकरण, दोन्ही बाजूंना गटार. गळीत हंगामात त्याच वाटेनं उसाच्या ट्रॉल्या निघतात. एक ट्रॉली रुतली की १०८ ची ॲम्ब्युलन्स मागं अडकली. ४०० मीटरमध्ये दोन ठिकाणी बगल देऊन गाडी बाजूला घेता येईल असं करा.

केसपेपर

जागेचं वर आलंच आहे, मी आतलं सांगते. आकड्यांपासून सुरू करा, म्हणजे "दोन मजली पाहिजे", "ऑपरेशन थिएटर पाहिजे" असल्या मागण्या आपोआप गळतात.

निकष असा: सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक पीएचसी, डोंगरी भागात २० हजारांना. तुमचे ३१ हजार त्यात बसतात. महाराष्ट्राचा जन्मदर ढोबळ हजारी १५ धरला तर वर्षाला साधारण ४६५ बाळंतपणं. पण कोल्हापूर जवळ, त्यामुळं पुष्कळ जणी खासगीत किंवा सीपीआरला जाणार. चौथा हिस्सा तुमच्याकडं आला तरी वर्षाला ११५, महिन्याला नऊ-दहा. त्याला दोन टेबलांची प्रसूती खोली भरपूर झाली. एका टेबलाला १० बाय १० फूट जागा, खोलीला लागूनच संडास, कोपरानं उघडणारा नळ, आणि नवजात बाळाचा कोपरा वॉर्मरसह त्याच खोलीत. दुसऱ्या खोलीत नको, रडलं नाही ते बाळ घेऊन दार उघडत पळायला वेळ नसतो. खोलीचं तापमान २५ ते २८ अंश लागतं, म्हणून टेबलावर थेट झोत येणारा पंखा किंवा एसी लावू नका. वॉर्डात सहा खाटा.

ओपीडीचा प्रवाह एकाच दिशेनं ठेवा: केसपेपर, बीपी-वजन, डॉक्टर, लॅब, औषध, बाहेर. गोंधळ होतो तो केसपेपर आणि औषध या दोन खिडक्या शेजारी-शेजारी काढल्या की. बाजाराच्या दिवशी दोन रांगा एकमेकींत शिरतात आणि शुगरची म्हातारी माणसं ताटकळतात. दोन खिडक्यांत किमान २० फूट अंतर, आणि महिन्याच्या गोळ्या न्यायला येणाऱ्यांसाठी तिसरी खिडकी. तापाच्या आणि खोकल्याच्या रुग्णांना बसायला बाहेरचा उघडा व्हरांडा. टीबीचा संशयित लसीकरणाच्या बाळांशेजारी बसता कामा नये.

दारं: वॉर्ड आणि प्रसूती खोलीला ४ फूट, स्ट्रेचर जातो त्या बोळाची रुंदी ८ फूट. संडासाचं दार बाहेर उघडणारं, आत कुणी पडलं तर ढकलून उघडता येत नाही म्हणून. पोर्चची उंची १२ फूट, १०८ च्या टपावर दिवा असतो.

आता लस. आयएलआर (लसी ठेवायचा खास फ्रीज) आणि डीप फ्रीझर यांना वेगळी खोली, उन्हाची भिंत नको, भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतर, दोघांना वेगवेगळे स्टॅबिलायझर. आयएलआर अधिक २ ते अधिक ८ अंश, डीप फ्रीझर उणे १५ ते उणे २५. आयएलआरचा तळ सगळ्यात थंड असतो, म्हणून पेंटा, टीडी, हिपॅटायटिस बी या लसी तळाला न ठेवता टोपलीत वर ठेवायच्या. त्या गोठल्या की निकामी, आणि वितळल्यावर बाटलीकडं बघून सहज कळत नाही. सॉकेट असा काढा की खोलीचा दिवा बंद करताना चुकून आयएलआर बंद होणार नाही. जुन्या केंद्रांत त्या बटणावर चिकटपट्टी आणि "हात लावू नये" असा कागद दिसतो ना, ती आखणीतली चूक झाकायची सोय असते.

आयएलआरमध्ये लसीशिवाय काही ठेवायचं नाही. ऑक्सिटोसिन आणि थंड लागणारी बाकीची इंजेक्शनं यांना साधा फ्रीज वेगळा मागा. तो यादीत नसतो, मग सगळी आयएलआरमध्ये कोंबतात आणि झाकण दिवसातून वीस वेळा उघडतं.

तुमच्याकडं ऊस, म्हणजे सर्पदंश येणार. प्रतिविषाच्या किमान २० कुप्या हाताशी पाहिजेत, पहिला डोसच साधारण १० कुप्यांचा असतो. रक्त २० मिनिटांत गोठतं का ही चाचणी काचेच्या, स्वच्छ आणि कोरड्या नळीतच होते. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणानं धुतलेल्या काचेत निकाल चुकतो. लॅबच्या यादीत साध्या काचेच्या नळ्या आवर्जून लिहा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे पण ऐनवेळी नसते. फवारणीच्या औषधाच्या विषबाधेसाठी ॲट्रोपिन भरपूर. ऊसतोड मजूर येतात त्या महिन्यांत लोकसंख्या वाढते, ती सर्व्हेत नसते. पालावरची बाळं आणि गरोदर बायका मुकादमाकडून मोजून घेऊन लशींच्या मागणीत धरा.

सातबारा

वरच्या दोघांचं पटतंय, पण कागदाकडं कुणी बघितलंच नाही. इमारत उभी आणि कुलूप लावलेलं, असली पीएचसी तयार होते ती एकाच कारणानं: बांधकामाला पैसे मिळाले, पदं मंजूर नव्हती. आरोग्य संस्थेची मंजुरी, पदनिर्मिती आणि बांधकाम या तीन वेगळ्या फायली आहेत. पहिली म्हणजे शासनाच्या बृहत् आराखड्यात तुमच्या गावाचं नाव येणं. ते नसेल तर ग्रामसभेचा ठराव, आमदारांचं पत्र, सगळं फाईलला टाचून राहतं. जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयात आधी एवढंच विचारा: आराखड्यात नाव आहे का, कुठल्या गावाच्या नावानं आहे, आणि पदांचा प्रस्ताव सोबत जातोय का.

बक्षीसपत्राबद्दल. जमीन वडिलोपार्जित असेल तर एका मालकाची सही पुरत नाही, सगळे सहहिस्सेदार आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीसुद्धा लागतात. २००५ पासून मुलींना जन्मानंच वाटा आहे. सही राहिली तर स्लॅब पडल्यावर दावा येतो आणि काम थांबतं. शिवाय "माझं नाव द्या", "मुलाला शिपाई म्हणून घ्या" असल्या अटी तोंडी घातलेल्या असतात. बक्षीसपत्र बिनशर्त, नोंदणीकृत, आणि सातबारावर जिल्हा परिषदेचं नाव चढेपर्यंत निविदा नको.

गायरान सोपं नाही, पण तुम्हाला वाटतं तेवढं अवघडही नाही. २०११ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरान खासगी कामाला देणं बंद झालं. सार्वजनिक प्रयोजनाला ते मागता येतं, मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडून, आणि दुसरी योग्य जागा नाही हे दाखवावं लागतं. इथं तुमची पूररेषाच उपयोगी पडते. ओढ्याकडच्या जागेचा पूररेषेचा दाखला आणि २०२१ च्या पाण्याचा पंचनामा जोडा, म्हणजे "पर्यायी जागा अयोग्य" हे कागदावर सिद्ध होतं. क्रम असा: ग्रामसभा ठराव, तलाठ्याकडून सातबारा आणि गावातलं एकूण गायरान किती याचा दाखला, भूमी अभिलेखकडून मोजणी आणि नकाशाची क प्रत, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. मोजणीच्या दिवशी हद्दीचे दगड रोवून घ्या. अतिक्रमणाचा गोठा एखादा असला तर तो त्याच दिवशी दिसतो, नंतर दिसला तर वर्ष गेलं.

आणि एक. ठरावात "माळावरील जागा" असं लिहू नका, गट नंबर आणि क्षेत्र गुंठ्यांत लिहा.

पाणंदकर

खूप उपयोग झाला. गाळाची रेघ काल बघून आलो. ओढ्याकडच्या जागेशेजारी एका गोठ्याच्या भिंतीला जमिनीपासून ४ फूट ७ इंचांवर आहे, २०२१ ची. म्हणजे गावाला सांगायला मुद्दा मिळाला. पण म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न खरा आहे. सव्वा किलोमीटर चालणार कोण? आणि माळावर पाणी आणि लाईट कसं करायचं?

केसपेपर

उपकेंद्र बंद करू नका, हे त्याचं उत्तर. बीपी-शुगरच्या गोळ्या, लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी स्टँडजवळच्या उपकेंद्रातच चालू ठेवा. माळावर फक्त डॉक्टर, लॅब, प्रसूती, भरती. वडापवाल्यांना केंद्राच्या दारापर्यंत थांबा द्या, ओपीडीच्या वेळेत त्यांना गिऱ्हाईक मिळतंच. पूर यायच्या दिवसांत जुलै-ऑगस्टची तारीख असलेल्या गरोदर बायकांची यादी जूनमध्येच करायची आणि नदीपलीकडच्या वाड्यांतल्या बायकांना आधी अलीकडं आणून ठेवायचं. सहा खाटा आहेत त्या त्या आठवड्यात यालाच वापरायच्या.

प्लिंथलेव्हल

पाणी: सहा खाटांना दर खाटेला ३४० लिटर, म्हणजे २,०४०. ओपीडीचे शंभर-सव्वाशे जण माणशी १० लिटर, १,२५०. निवासात पाच कुटुंबं धरून २५ माणसं, दर माणशी १३५ लिटर, ३,३७५. एकूण रोजचे साधारण ६,७०० लिटर. पुरात जॅकवेल (नदीचं पाणी उपसायच्या विहिरी) बुडाले की नळयोजना बंद पडते, कोल्हापूर शहरानं हे २०१९ आणि २०२१ ला बघितलंय. म्हणून तीन दिवसांचा साठा, २० हजार लिटर: १५ हजार जमिनीखाली, ५ हजार वर. बोअर असला तरी टाकी कमी करू नका, मोटर लाईटवरच चालते.

लाईट: सोलर मागाल तेव्हा नीट बघा. नुसतं ग्रीडला जोडलेलं सोलर लाईट गेली की स्वतःही बंद होतं, तशी त्याची रचनाच असते. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये म्हणून. ऊन लख्ख पडलंय आणि दवाखान्यात अंधार, असं त्यामुळं होतं. हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी असं स्पष्ट लिहून घ्या. ५ किलोवॅटला गच्चीवर सुमारे ५०० चौरस फूट लागतात, चांगल्या उन्हात रोज २० युनिटच्या आसपास मिळतं. बॅटरीवर आयएलआर, फ्रीझर, प्रसूती खोलीतले दिवे आणि वॉर्मर एवढंच ठेवायचं. ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) आणि पाण्याची मोटर त्यावर टाकली की तासाभरात सगळं बसतं. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा छोटा जनरेटरही पाहिजे.

पॅनेलचे पाय स्लॅब ओतताना काँक्रीटचे ठोकळे करून घ्या. नंतर ड्रिल मारून बसवले की वॉटरप्रूफिंग फुटतं, आणि आपल्याकडच्या पावसात पहिली गळती नेमकी लसीच्या खोलीत होते.

सातबारा

कचऱ्याचा कागद राहिला. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा जैववैद्यकीय कचऱ्याचा दाखला आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार, ओपीडी सुरू व्हायच्या आधी. ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र उपलब्ध असेल तर स्वतःची भट्टी लावता येत नाही. पिवळी पिशवी, लाल पिशवी, निळा डबा आणि सुयांचा पांढरा डबा असा कचरा वेगळा ठेवायला कुलपाची खोली, गाडी थेट लागेल अशी मागच्या बाजूला. ४८ तासांच्या वर कचरा ठेवायचा नाही, आणि गाडी पाणंदीतून येणार नाही म्हणाली तर तो नियम पहिल्याच आठवड्यात मोडतो.

केसपेपर

त्याला जोडून: ब्लीचिंगचं पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. टँकमधले मैला कुजवणारे जंतू मरतात, मैला कुजत नाही, टँक वर्षात तुंबतो. प्रसूती खोली आणि लॅबच्या सांडपाण्याला वेगळी वाट आणि वेगळा निर्जंतुकीकरणाचा हौद, नकाशातच.

पाणंदकर

पाणंद १८ फूट होण्यासाठी दोन्हीकडच्या नऊ शेतकऱ्यांची तीन-तीन फूट जागा लागते. त्यातल्या सात जणांनी हो म्हटलंय. उद्या जेसीबी सांगितलाय, माळावर तीन खड्डे मारतो आणि पाणी किती जिरलं ते इथं टाकतो.